शिंगाड्याच्या सहा नळ्या

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात माझं औषधाचं दुकान आहे आणि मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. या सवयीनं माझं नुकसानच जास्त केलं आहे. एकदा एका पक्क्या शाकाहारी माणसानं विचारलं, "भैया, ये कॅप्सूल का छिलका किस चीज का होता है?" मी सांगितलं, बहुतेक जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. तो माणूस, त्याचे तीन भाऊ आणि त्यांची अख्खी गल्ली तेव्हापासून माझ्या दुकानासमोरून मान वळवून जाते. बायको म्हणते, विचारलं तेवढंच सांगावं माणसानं. मी विचारलं तेवढंच सांगितलं होतं.

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढची गोष्ट वच्छलाबाईची असली तरी तिच्यात एका ठिकाणी माझं नाव येतं आणि ते चांगल्या कारणानं येत नाही.

वच्छलाबाई आमच्याकडच्या शाळेत खिचडी शिजवते. वय अठ्ठेचाळीस, अंगानं काटक. नवरा मुन्नालाल राईस मिलमध्ये पोती उचलतो. माहेर ढीवरांचं, तळ्याकाठचं. मासे आणि शिंगाडे यांवर वाढलेली बाई. बोलायला लागली की समोरच्याच्या तोंडावर बोलते आणि बोलून झालं की गप्प बसते. मला हा स्वभाव आवडतो. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांना आवडत नाही.

तिच्या धावण्याची सुरुवात पोरीमुळे झाली. नीतू पोलीस भरतीची तयारी करत होती आणि पहाटे पाचला गोरेगाव रस्त्यावर धावायला जायची. जवान पोरगी अंधारात एकटी कशी सोडायची, म्हणून वच्छलाबाई हातात काठी घेऊन सायकलवर मागं असायची. एक दिवस टायर फुटलं. पोरगी थांबेना, तेव्हा आईनं सायकल एका टपरीला टेकवली आणि काठीसकट मागं धावत सुटली. तीन किलोमीटर धावली. दुसऱ्या दिवशी तिनं सायकल घरातून काढलीच नाही. पुढं नीतू भरती झाली, गडचिरोलीकडं जंगलात तिची नेमणूक झाली. आई मात्र रोज पहाटे त्याच रस्त्यावर.

"आता कायले धावता जी?" मी एकदा विचारलं. "पोरगी तं लागली ना."

"पायाले सवय पडली," ती म्हणाली. "अन् पोरगी तिकडं जंगलात चालून राहते. मी इकडं घरी बसून का करू?"

मुन्नालालचं मत वेगळं होतं. बायकोला भूत लागलं आहे असं तो मिलमध्ये सगळ्यांना सांगायचा आणि संध्याकाळी तिच्या बुटांचा चिखल स्वतःच खरवडायचा.

गोंदियात धावणाऱ्यांचा एक गट आहे. डॉक्टर, व्यापारी, दोन-चार मास्तर. त्यांचा म्होरक्या ओमेश, कपड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. मनगटावर एवढं मोठं घड्याळ, आणि घड्याळानं सांगितल्याशिवाय हा माणूस पाणीही पीत नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी ते बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन घेतात. गोंदियाहून निघायचं, गोरेगावच्या पुढं जाऊन वळायचं, परत यायचं. साडेसहा तासांची मुदत. गेल्या वर्षी ओमेशनं वच्छलाबाईचं नाव घातलं. ती तिसाव्या किलोमीटरपर्यंत चांगली आली, तिथं रस्त्याकडेला मांडलेल्या खाण्यापिण्याच्या टेबलावरचं केळं खाल्लं, आणि पस्तिसाव्याला ते रस्त्याच्या कडेला ओकून टाकलं. मग डोळ्यांपुढं अंधारी. मागून येणाऱ्या गाडीत तिला बसवलं.

"पायानं गेली अन् गाडीनं आली," हे तिनं मला स्वतः सांगितलं. ओकारीचं तिला काही वाटलं नव्हतं. गाडीचं वाटलं होतं. नीतूनं फोनवर विचारलं, पोचली का आई? आणि तिला नाही म्हणावं लागलं. "पुढच्या साली पोचून दाखवतो," असं ती पोरीला म्हणाली. आमच्याकडच्या बाया जातो-येतो असंच बोलतात. ते वाक्य तिनं एखाद्या हुद्देदाराला शब्द द्यावा तसं दिलं, आणि पोरगी हुद्देदारच होती म्हणा.

दिवाळीनंतर नीतूनं एक डबा पाठवला. आत अंगठ्याएवढ्या चपट्या पुड्या, वरून चकचकीत. डबा घेऊन वच्छलाबाई दुकानात आली.

"भाऊ, हे का होय? पोरीनं धाडलं. उंदराचं औषध वाटून राहिलं."

मी सांगितलं, हे एनर्जी जेल. लांब धावणाऱ्यांसाठी. शरीरात साठवलेली साखर दोन-तीन तासांत संपत येते, मग पाय उचलत नाहीत. तुम्हाला पस्तिसाव्या किलोमीटरला जे झालं ते थोडंफार हेच. धावता धावता चावून खाणं जमत नाही, पोटही ते घेत नाही. हे चावायचं नाही, गिळायचं. वर दोन घोट पाणी. पाऊण-पाऊण तासानं एक.

तिनं माझ्यासमोर एक पुडी दातानं फोडली, चाखली आणि तोंड वाकडं केलं. "खोकल्याचं औषध अन् गुळाची काकवी एका जागी केली."

पण धावताना ती घेऊ लागली. पहिल्यांदा पाणी न पिता घेतली आणि पोटात कळ येऊन भाताच्या एका बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, अर्धा तास बसून राहिली. मग शिकली. एका पुडीत तिचं दोनदा भागायचं. अर्धी घेऊन झाली की तोंडाला सेफ्टी पिन लावायची आणि ओढणीच्या गाठीत बांधून ठेवायची. ओढणीला मुंग्या लागायच्या. पण पोट शांत राहिलं. डिसेंबरमध्ये एका रविवारी ती अठ्ठावीस किलोमीटर धावून आली आणि दुकानासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, पाय अजून मागून राहिले." इतकं खूश मी तिला नीतूच्या भरतीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं.

आणि मग नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं.

फेब्रुवारीचा तिसरा रविवार, आणि त्याच चौकोनात महाशिवरात्र.

इथं तिचा नवस सांगावा लागतो. नीतू चार वर्षांची असताना तिला मलेरिया झाला आणि तो मेंदूत चढला. पोरगी तीन दिवस शुद्धीवर नव्हती. तिसरा दिवस महाशिवरात्रीचा होता. वच्छलाबाई दवाखान्यातून निघून नागऱ्याला गेली, तिथल्या जुन्या महादेवाच्या पिंडीवर पाणी घातलं आणि बोलून आली, पोरगी दे, जिती आहे तोवर या दिवशी धान्याचा कण तोंडात घालणार नाही, आणि तुला पाणी घातल्याशिवाय दिवस सुरू करणार नाही. संध्याकाळी पोरीनं डोळे उघडले. दवाखान्यातल्या इंजेक्शनांचाही त्यात हात होता असं माझं मत आहे, पण ते मला कुणी विचारलेलं नाही. एकवीस वर्षं झाली. एकदाही तो नवस मोडला नाही. आणि आता तर पोरगी बंदूक घेऊन जंगलात.

तर जानेवारीत वच्छलाबाई जेलची पुडी घेऊन आली आणि काउंटरवर ठेवून विचारलं, "भाऊ, याच्यात धान्य हाय का?"

मी चष्मा लावला. मागं बारीक इंग्रजीत लिहिलं होतं. पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन. ते कशाचं करतात हे मला माहीत होतं. मक्याच्या नाहीतर तांदळाच्या स्टार्चपासून.

"आहे," मी म्हटलं. "मक्याचं."

"आन् ते पाण्यात घालाची पावडर? टेबलावर ठेवून राहतात ते?"

"ग्लुकोज. तेही मक्याचंच."

तिनं पुडी उचलली, पुन्हा पाहिली, पुन्हा ठेवली. "बरं झालं विचारलं," एवढंच बोलून ती निघून गेली. तिच्या पाठीकडं बघून मला वाटलं की आपण एखाद्याच्या ताटातून भाकरी उचलून घेतली.

रात्री नीतूचा फोन. कुठून तरी रेंज मिळाली होती. "काका, तुम्हाला काय गरज होती सांगायची? ती साखर आहे नुसती! नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्या आईनं विचारलं, मी सांगितलं."

"तुम्ही दोघंही एकसारखेच आहात," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मला राग आला. खरं बोलल्याबद्दल बोलणी खायची, ती पण पंचवीस वर्षांच्या पोरीकडून. पण राग उतरल्यावर मला ते जेल गिळावं लागल्यासारखं झालं. ना धड पोटात, ना धड बाहेर.

वच्छलाबाईनं मात्र रडगाणं गायलं नाही. आठवड्यानं ती माहेरी गेली आणि वाळवलेले शिंगाडे घेऊन आली. शिंगाडा उपासाला चालतो, तळ्यात पिकतो, आणि त्याच्या पिठाची खळ किती छान होते हे ढीवरांच्या लेकीला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिंगाड्याचं पीठ, गूळ, थोडं सैंधव. जेल घरी करायचं.

पहिली खेप इतकी घट्ट झाली की तिची वडी पडली. मुन्नालालनं ती सगळी खाल्ली आणि अजून मागितली. दुसरी पातळ झाली आणि तिसऱ्या दिवशी आंबली. तोवर मला राहवलं नाही. मी दुकानातला छोटा तराजू आणि मापाचा ग्लास घेऊन तिच्या चुलीसमोर जाऊन बसलो. पीठ किती, पाणी किती, गूळ किती, हे मी लिहीत गेलो आणि ती माझ्या आकड्यांकडं लक्ष न देता हातानंच घालत गेली. खळ पारदर्शक होऊन पळीवरून संथ उतरायला लागली तेव्हा म्हणाली, "आता लिवा."

भरायचं कशात, हा प्रश्न होता. शाळेच्या फाटकावर उन्हाळ्यात बर्फाच्या रंगीत कांड्या विकतात, त्यांच्या प्लॅस्टिकच्या नळ्या मिळतात. त्या आणल्या. फनेलनं भरायचं, तोंडाशी स्टीलची पट्टी धरायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून चिकटवायचं. पहिल्या पाच नळ्या गळल्या. सहावी जमली. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ती त्या नळ्या घेऊन तीस किलोमीटर धावली. पोट शांत, डोकं जागेवर. त्या दिवशी दुकानात मी उगाच दोन-चार गिऱ्हाइकांना ही हकीकत ऐकवली. खोकल्याच्या औषधासाठी आलेल्या माणसाला शिंगाड्याच्या खळीत काय रस असणार, पण माझी छाती फुगली होती.

ओमेशनं नळ्या पाहिल्या आणि घड्याळ चाचपलं. "आंटी, बाकी सब ठीक है, लेकिन गिनती पक्की रखना. सात-सात किलोमीटर पे एक. छह चाहिए. पाँच में नहीं होगा."

"सहाच घेतो," वच्छलाबाई म्हणाली.

सहा नळ्या शनिवारी संध्याकाळी ताज्या भरून झाल्या. मी स्वतः मोजल्या.

रविवारी माझी नेमणूक तेहतिसाव्या किलोमीटरच्या टेबलावर होती. धावता येत नसलेल्या माणसाला गट असली कामं देतो. टेबलावर पाणी, पावडरचं पाणी, केळी आणि एका टोपलीत विकतच्या जेलच्या पुड्या. सूचना सोपी होती: ज्याचा चेहरा पांढरा पडला असेल, पाय लटपटत असतील, त्याला पुढं सोडायचं नाही, थांबवून गाडीत बसवायचं. औषधवाला म्हणून तो अधिकार माझ्याकडं.

साडेनवापर्यंत चांगले धावणारे निघून गेले. ऊन चढलं. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत उन्हाळी धानाची रोवणी चालू होती आणि बाया कमरेतून वाकलेल्या होत्या. मला वच्छलाबाई लांबूनच दिसली, कारण रोवणीवाल्या एकेक करून ताठ उभ्या राहत होत्या. आपल्या वयाची, सलवार-कुर्त्यातली, ओढणी कमरेला बांधलेली बाई छातीवर नंबर लावून रस्त्यानं येते आहे, हे त्यांना नवीन होतं. एकीनं ओरडून विचारलं, "काऊन वो बाई, कोन मागं लागलं?" वच्छलाबाईनं उत्तर दिलं नाही. तिथंच मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. एरवी ती उत्तर दिल्याशिवाय राहिली नसती.

ती टेबलाशी आली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. ओठ पांढरे. ओढणीची गाठ रिकामी लोंबत होती.

"नळ्या?" मी विचारलं.

"दोन होत्या. कवाच्याच संपल्या."

"सहा होत्या!"

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. पहाटे चारला मुन्नालालनं तिला गाडीवर नागऱ्याला नेलं. पिंडीवर पाणी घातलं. मग तिच्या मनात आलं की नवी चीज आहे, आज पहिल्यांदाच उपासाला खायची आहे, देवाला दाखवल्याशिवाय कशी खायची? म्हणून सहाच्या सहा नळ्या पिंडीसमोर ठेवल्या. एक ठेवून भागलं असतं. पण देवासमोर हातचं राखून ठेवणं तिला जमलं नाही. आणि एकदा देवासमोर ठेवलं की तो प्रसाद. महाशिवरात्रीची गर्दी. शेजारच्या म्हातारीनं हात पुढं केला. मग दुसरीनं. मग एका बाईनं कडेवरचं लेकरू पुढं केलं.

"प्रसादाले नाई कसं म्हनू, भाऊ? चार गेल्या. मंग मीच दोन उचलून पळाली."

मी केळ्याकडं हात नेला. तिनं मान हलवली. "मागच्या साली केळ्यानंच गाडीत बसवलं." पावडरच्या पाण्याकडं तिनं पाहिलंही नाही, ते मक्याचं आहे हे मीच तिच्या डोक्यात भरलं होतं. टेबलावर गुळाचा एक खडा असता तर पुढचं काही घडलंच नसतं. शहरातल्या लोकांनी मांडलेलं टेबल, त्यावर गूळ कुठून येणार? आणि मला तरी आधी का सुचलं नाही? त्याचा राग मला अजून आहे.

पुढं नऊ किलोमीटर होते. वेळ होता, ती चालत गेली असती तरी पोचली असती. पण त्या चेहऱ्यानं नाही. नियमानं मी तिला थांबवायला हवं होतं. गाडी मागं शंभर पावलांवर उभी होती. तिनं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. एवढं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी टोपलीतून जेलची एक पुडी उचलून पुढं धरली.

तिनं ती हातात घेतली नाही. "भाऊ, याच्यात धान्य हाय का?"

तोच प्रश्न. तोच माणूस. पुडीच्या मागं पहिलं नाव तेच.

"नाही," मी म्हटलं. "ही वेगळी कंपनी आहे. फळांच्या साखरेची."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी टेबलावरचे ग्लास सरळ करत होतो. मग तिनं पुडी घेतली, ओढणीत ठेवून गाठ मारली. "पुढं घेतो, पान्यासंगं," म्हणाली. दोन ग्लास साधं पाणी प्यायली, एक डोक्यावर ओतला. तिचा चेहरा जरा ताळ्यावर आल्यासारखा मला वाटला, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी म्हटलं, जा. ती निघाली. आधी चालत, मग त्या तिच्या पाय न उचलता ओढण्याच्या चालीनं. रोवणीवाल्यांपैकी कुणीतरी काहीतरी ओरडलं आणि या वेळी तिनं हात वर केला.

ती सहा तास बावीस मिनिटांनी पोचली. मी टेबल आवरून स्कूटरनं आधीच मैदानावर येऊन थांबलो होतो. पडली नाही, रडली नाही. गळ्यात पदक घातलं ते तिनं ओढणीखाली सरकवलं आणि मुन्नालालला म्हणाली, "चप्पल आन." ओमेश नाचत होता. मी गर्दीच्या मागं उभा राहिलो आणि तिच्याशी न बोलताच घरी गेलो.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एकवीस वर्षांचा नवस मी एका शब्दानं मोडला होता आणि ज्या बाईचा मोडला तिला ते माहीतही नव्हतं. मी नवसबिवस मानत नाही. पण ती मानते, आणि विश्वास तिनं महादेवावर ठेवला होता तेवढाच माझ्या चष्म्यावरही ठेवला होता. नीतूचा विचार मनात आला, की जंगलात तिला काही झालं तर? हा विचार मूर्खपणाचा आहे हे मला कळत होतं, आणि तरी तो रात्रभर गेला नाही. मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, तुम्ही कधीपासून महाशिवरात्र धरायला लागलात?

सोमवारी सकाळी आठला दुकान उघडलं तर वच्छलाबाई पायरीवर बसलेली. न्हाऊन, शाळेत जायची साडी नेसून. एक पाय सुजला होता.

"पोरीचा फोन आला," ती म्हणाली. "चार रोजानं रेंज भेटली म्हने. पदकाचा फोटू धाडला तिले."

"बरी आहे ना?" मी विचारलं.

"बरी हाय. कैची द्या."

मी कात्री दिली. तिनं पदराची गाठ सोडली आणि कालची पुडी काउंटरवर ठेवली. न फोडलेली. उन्हानं आणि घामानं वरची छपाई पुसट झाली होती.

"काल घेतलं नाही तुम्ही?"

"काल उपास होता ना जी."

"पण मी म्हटलं होतं, यात—"

"तुमाले खोटं बोलता नाई येत, भाऊ. तुमी गिलास सरळ करून राहिले होते."

कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं. शेवटी विचारलं, "मग घेतली कशाला?"

"नाई घेतली असती तं तुमी मले जाऊ देलं असतं का? गाडीत बसवलं असतं." मग जरा हळू म्हणाली, "अन् तुमचं तोंड पाहून वाईट वाटलं. मरणाघरी बसल्यावानी झालं होतं."

नऊ किलोमीटर ती नुसत्या पाण्यावर गेली होती. दोनदा झाडाखाली बसली, एकदा एका हातपंपाखाली डोकं धरलं. पुडी ओढणीत होती. हे तिनं मी विचारल्यावर सांगितलं, आणि शाळेचं काहीतरी सांगावं तसं सांगितलं.

तिनं पुडीचा कोपरा कात्रीनं कापला. तोंडाशी नेली आणि मधेच थांबली.

"आता सांगा. याच्यात धान्य हाय का?"

मी तिच्याकडं बघून उत्तर दिलं. "आहे. मक्याचं."

"मंग बरं झालं. उपास धान्यानंच सोडा लागते," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळी पुडी पिळून खाल्ली. वर माझ्या माठातलं गडूभर पाणी प्यायली, तोंड पुसलं, आणि खिचडीला उशीर होतो म्हणून लंगडत निघून गेली.